जुवाचा मध्य

नव्या स्कीवर एक बारीक रेघ आखलेली असते. कंपनीनं आखलेली. बुटाच्या तळव्याच्या मध्यावरही एक खूण असते. ती खूण या रेघेवर आणायची आणि तिथं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारा सांगाडा, स्क्रूनं बसवायचा. मला हे सांगलीच्या एका मित्रामुळं कळलं. दोन हिवाळे गुलमर्गला भाड्याच्या स्कीवर शिकून झाल्यावर तो आता स्वतःची घेतोय. रुंद, मध्यावर साधारण 100 मिलिमीटर, टणक आणि भुसभुशीत अशा दोन्ही बर्फांवर चालणारी. सांगलीत बर्फ दिसतो तो उसाच्या रसात, पण हौसेला भूगोल नसतो.

त्याच्यापुढं दोन प्रश्न आहेत. पहिला लांबीचा. उभी केलेली स्की साधारण हनुवटीपासून डोक्यापर्यंत कुठंतरी यावी, असा ढोबळ हिशोब. अंगानं जड आणि वेगानं जाणाऱ्याला लांब, हलक्या आणि नवशिक्याला आखूड. लांब स्की वेगात स्थिर राहते, पण वळवायला ताकद मागते. टोकं वर उचललेली असली तर टणक बर्फाला टेकणारी लांबी कमी होते, मग थोडी लांब घेतली तरी चालते.

दुसरा प्रश्न रेघेचा. बाइंडिंग रेघेवरच बसवायचं की जरा पुढंमागं? एखाद-दोन सेंटीमीटर पुढं घेतलं तर स्की चटकन वळते. मागं घेतलं तर खोल बर्फात तिचं टोक वर राहतं. आणि हे आधीच ठरवावं लागतं, कारण एकदा भोकं पाडली की अगदी शेजारी नवी पाडता येत नाहीत, स्की कमजोर होते. म्हणजे ती रेघ खोटी नसते, पण ती कुठल्यातरी सरासरी माणसासाठी असते. मित्राचं वजन, त्याचा पाय आणि त्याची चाल कंपनीला माहीत नसते.

मित्राच्या दृष्टीनं हा पैशांचा आणि गुडघ्याचा प्रश्न आहे. निवडणारा तो आणि दुखलं तर भोगणाराही तोच. त्यामुळं त्यात नीतीचा प्रश्न फारसा येत नाही. मला मात्र हे ऐकताना जू आठवत राहिलं.

आमचं घर कराडजवळ. आता दावणीला बैल नाहीत, पण होते तोवर हेच दोन प्रश्न आमच्या अंगणातही होते. जू किती लांबीचं घ्यायचं आणि नांगराची किंवा कुळवाची दांडी जुवाला कुठं बांधायची? कुणीही सांगेल, मध्यावर. पण जोडीतले दोन बैल क्वचितच सारखे असतात. एक थोराड, एक नवा. एक दमदार, एक उतरतीला लागलेला.

इथं शाळेतली तरफ कामाला येते. समजा, दोन मानांमधलं अंतर 100 सेंटीमीटर आहे. दांडी बरोबर मध्यावर बांधली तर दोघांवर ओढ निम्मी-निम्मी. तीच 5 सेंटीमीटर ताकदवान बैलाकडं सरकवली, तर त्याच्या बाजूला 45 उरतात आणि दुबळ्याच्या बाजूला 55. ओढ उलट्या प्रमाणात वाटली जाते. ताकदवान बैल 55 टक्के ओढतो, दुबळा 45. दोन-तीन बोटांचा फरक, पण दिवसभराच्या नांगरटीत तो मानेला कळतो.

स्कीशी असलेलं साम्य इथं संपतं. जुवाची जागा ठरवणारा आणि ते मानेवर घेणारा हे दोघे वेगळे आहेत. बैल कासऱ्याची गाठ सोडून दुसरीकडं बांधू शकत नाही. म्हणून ‘मध्य कुठं?’ हा प्रश्न स्कीवर सोयीचा असतो आणि जुवावर न्यायाचा होतो.

कायद्यानंही हा प्रश्न थोडाफार ओळखला आहे. ओझं ओढणाऱ्या आणि वाहणाऱ्या जनावरांसाठी 1965 साली केंद्रानं नियम केले. त्यात लहान, मध्यम आणि मोठ्या बैलासाठी ओझ्याची मर्यादा वेगवेगळी आहे. दिवसाला 9 तासांहून जास्त काम नको, पारा 37 अंशांच्या वर जाणाऱ्या भागात दुपारी 12 ते 3 जुंपू नये, असंही त्यात आहे. पण कायदा फार तर बैलांचे तीन गट करू शकतो. एकाच जुवाखालच्या दोन मानांमधला फरक त्याला दिसणार नाही. तो रोज बघणाऱ्यालाच दिसतो.

आता बैलांपासून माणसांकडं येतो. काही वर्षांपूर्वी आजी अंथरुणाला खिळली. रात्री दोन-तीनदा उठवून तिला कूस बदलून द्यावी लागायची. घरात पाळ्या लागल्या. एक रात्र आई, एक रात्र काकी. बरोबर निम्मं-निम्मं, कुणाची तक्रार नको. काकीला मणक्याचा त्रास होता, तरी पाळी म्हणजे पाळी. महिनाभरानंतर आईच एकदा जेवताना म्हणाली, ‘‘तिची पाठ आन् माझी पाठ एक हाय का?’’ मग तिनं आठवड्याच्या चार रात्री घेतल्या आणि काकीनं तीन. बदल्यात पहाटेचा चहा आणि डबे काकीकडं गेले.

मला तेव्हा ही वाटणी फार सुंदर वाटली होती. अजूनही वाटते. जू दोन बोटं सरकलं होतं, आणि तेही ताकदवानाच्या इच्छेनं. पण तिच्यावरचे दोन आक्षेप मला टाळता येत नाहीत.

पहिला आक्षेप असा की, जास्त ओढू शकतो म्हणून त्याच्याकडून जास्त ओढून घ्यायचं, ही धडधाकट असण्याची शिक्षा नाही का? ऑफिसात जो पटापट काम उरकतो त्याच्याच टेबलावर आणखी फाइली येतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. यावर माझं उत्तर असं की, सरकवणं न्याय्य ठरायचं असेल तर ते परत सरकवता आलं पाहिजे. जुवाची गाठ कासऱ्याची असते, रोज सोडून बांधता येते. स्कीचं बाइंडिंग स्क्रूनं बसतं. माणसांमधल्या वाटण्या आपण बहुतेक वेळा स्क्रूनं बसवतो. ‘ती करतेच’, ‘त्याला जमतं’ हे एकदा ठरलं की दहा वर्षांनी, तिचीही पाठ गेल्यावर, ते तसंच राहतं.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. पाळ्या कुणी लावल्या होत्या? आण्णांनी आणि तात्यांनी. आजी त्यांची आई. रात्री उठणाऱ्या मात्र दोघी सुना. निम्मं-निम्मं बरोबर की चार-तीन बरोबर यावर घरात खूप बोलणं झालं, आणि त्या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट कुणी विचारलीच नाही. ओझं या दोनच मानांवर का?

हा तिसरा प्रश्न मला 2022 साली एका फोटोनं दाखवला. सांगली जिल्ह्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी उसाच्या बैलगाडीसाठी ‘सारथी’ नावाची जोड तयार केली होती. गाडीच्या पुढच्या भागाला, दोन बैलांच्या मध्ये, जमिनीवर टेकणारं एक जादा चाक. मानेवर येणारा भार त्या चाकावर काही प्रमाणात उतरावा ही कल्पना. फोटो देशभर फिरला. हंगामात आमच्या रस्त्यांवर उसानं लादलेल्या गाड्यांची रांग आम्ही लहानपणापासून बघतोय. चढावर मान खाली घालून घसरणारे बैलही बघतोय. आम्ही हळहळायचो. त्या मुलांनी भार कसा वाटायचा हे न विचारता, तो मानेवर कशाला, असं विचारलं.

आमच्या घरात तिसरं चाक जरा उशिरा आलं. आईच्या त्या वाक्यानंतर दोन-तीन महिन्यांनी तात्या म्हणाले, शनिवार-रविवार आम्ही दोघं भाऊ बघतो. पहिल्या रात्री ते तीनदा उठले आणि सकाळी कुणाशी बोलले नाहीत. त्यानंतर पाळ्यांच्या गणितावर त्यांनी कधी मत दिलं नाही.

आमच्याकडं आषाढात बेंदूर असतो. आदल्या दिवशी खांदेमळणी. ज्या मानेवर वर्षभर जू असतं, तिला हळद आणि लोणी चोळायचं. मला हा विधी आवडतो, त्याची चेष्टा करायची नाही. पण कृतज्ञता आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षातून एकदा हळद लावणं सोपं असतं. रोज जुंपताना गाठ कुठं पडलीय ते बघणं अवघड. आईच्या वाढदिवसाचं स्टेटस ठेवतो तेव्हा मी स्वतःला हेच विचारतो, की यात हळद किती आणि गाठ किती.

तरी खांदेमळणीत एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्या दिवशी मालकाचा हात त्या मानेवरून फिरतो. कुठं घट्टा पडलाय, कुठं सूज आहे, कुठं हात लागताच बैल अंग काढतो, हे त्याला कळतं. मध्य बरोबर आहे का हे जुवाकडं बघून कळत नाही, मोजपट्टीनंही नाही. ते मानेवरून हात फिरवल्यावर कळतं. माणसांच्या बाबतीत तर हातही फिरवावा लागत नाही, विचारता येतं. विचारायचं मात्र त्यानं, ज्याच्या मानेवर आज काही नाही.