सहजप्रवृत्ती आणि शाळा

मुलांच्या सहजप्रवृत्तींचा अध्यापनात उपयोग करावा, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. परंतु कोणत्या प्रवृत्तींचा, हे क्वचितच विचारले जाते. कुतूहल व क्रीडा जशा निसर्गदत्त, तशीच भीती आणि चढाओढही निसर्गदत्तच. छडी भीतीला राबविते, पहिला नंबर चढाओढीला. तेव्हा केवळ ‘नैसर्गिक’ म्हटल्याने कोणतेही साधन निर्दोष ठरत नाही.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. हे कार्य थोर खरेच. तथापि कायदा मुलाला शाळेत बसवील, त्याचे मन बसविणार नाही. कोसबाड परिसरात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली ‘सृजन आनंद विद्यालय’ काढले. त्या नावातच त्यांची निवड स्पष्ट आहे.

राजारामपुरीच्या गल्लीत लगोरी खेळणारे मूल नेम धरते, ठिकऱ्या मोजते, गड्यांशी भांडून नियमही ठरविते. ही वृत्ती वर्गात आणावी. मात्र पाठ्यक्रमाचे आमिष म्हणून नव्हे. भीतीने केलेले पाठांतर भीतीबरोबरच ओसरते, चढाओढीचा आनंद शेजाऱ्याच्या अपयशावर जगतो. कुतूहल मात्र वाटल्याने वाढते. घरी आलेल्या मुलास प्रथम ‘नंबर कितवा?’ असे विचारणाऱ्या आपण सुशिक्षितांनी आपली निवड कोणती, हे एकदा तपासून पाहावे.