घरफोडी, विमा आणि आपला शब्द

घर फुटले की दुःख एकदाच होते. विम्याचा मनस्ताप मात्र कित्येक महिने पुरतो. प्रथम खबर, पंचनामा, पावत्या, सर्व्हेअरच्या फेऱ्या! कडीकोयंडा तोडल्याची खूण नसेल तर बहुधा दावाच फेटाळतात. जुन्या वस्तूंवर घसारा कापतात. चार लाखांचे सामान दोन लाखांनाच उतरवले असेल, तर सरासरीच्या अटीमुळे एक लाखाच्या नुकसानीचे पन्नास हजारच मिळतात.

म्हणून हितचिंतक सांगतात, “ते कापणारच, तुम्ही आधीच वाढवून लिहा.” वाचकहो, हे योग्य काय?

विम्याचा पैसा अनेकांच्या हप्त्यांतून जमतो. वाढवून घेतलेला रुपया कंपनीच्या मालकाचा नसून आपल्यासारख्याच कोणा हप्तेकऱ्याचा असतो. शिवाय हा करार परस्परांच्या पूर्ण विश्वासावर उभा आहे. कंपनीने तो मोडला म्हणून आपणही मोडावा, तर मग तिला जाब कोणत्या तोंडाने विचारणार? एका खोट्या नोंदीने खरा दावाही बुडू शकतो.

पण खरे बोलणे म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे. नकाराची कारणे लेखी मागावीत. कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. 1998 पासून ही सोय आहे, आणि तिला शुल्क नाही.

आणि ज्यांच्या घरी चोरी झालेली नाही, त्यांनी आजच पॉलिसीच्या अटी वाचाव्यात, सामानाची खरी यादी करावी व तिची एक प्रत नातलगाकडे ठेवावी.