फक्त नियम शिकतोय

वाचकहो, समजा, मोमिनपुऱ्यातील किंवा जाफरनगरातील तुमच्या घरी इशाच्या नमाजनंतर महाविद्यालयात शिकणारा मुलगा मोबाईलवर 'टेक्सास होल्डेम' नावाच्या पोकरचे नियम पाहत बसला आहे. तुम्ही हटकले, तर तो म्हणतो, "अब्बा, पैसे कुठे लावतोय? फक्त नियम शिकतोय." रागावून त्याला गप्प करता येईल, परंतु त्याचे उत्तर विचार करण्याजोगे आहे. एखाद्या गोष्टीचे ज्ञान स्वतःच हराम असते काय? जुगाराच्या तंट्याचा निवाडा करणाऱ्या काझीलाही तो खेळ ठाऊक असावाच लागतो.

म्हणून आधी ते नियमच पाहू. प्रत्येक खेळाडूला दोन झाकलेली पाने मिळतात. मध्यभागी सर्वांसाठी मिळून पाच पाने उघडली जातात. प्रथम तीन, नंतर एक, मग आणखी एक. या सातांतून ज्याचा पाच पानांचा संच सरस, तो जिंकला. रमीत खेळाडू पान उचलतो, टाकतो, जुळवतो. येथे पान बदलण्याची मुभाच नाही. हाती आले ते आले. मग खेळाडू करतो काय? तो बोली लावतो, वाढवितो किंवा डाव सोडून देतो. अशा बोलीच्या चार फेऱ्या होतात. वाईट पाने असताना मोठी बोली लावून समोरच्याला घाबरविणे, हे या खेळातील सर्वांत नावाजलेले कसब. समोरच्याला काही गमावण्याची भीतीच नसेल, तर ते कसब चालत नाही. आपल्या ओळखीची तीनपत्ती याच कुळातली.

बुद्धिबळातून पैज काढून टाका, बुद्धिबळ तसेच राहते. (पैजेविना बुद्धिबळ खेळण्याबाबत शाफई व हनफी उलेमांत मतभेद आहे, तो तूर्त बाजूला ठेवू.) पोकरमधून पैज काढून टाकली, तर काय उरते? तेव्हा 'फक्त नियम' शिकणारा मुलगा प्रत्यक्षात पैज लावणेच शिकत असतो, मग त्या चिप्स खोट्या का असेनात.

यावर दुसरा युक्तिवाद येतो : हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने केवळ कौशल्याच्या खेळांना वगळले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानले. 2025 च्या केंद्रीय कायद्याने मात्र पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेदच मोडीत काढला. पण आपला प्रश्न न्यायालयाचा नाही. सूरह अल्-माइदाच्या 91 व्या आयतीत जुगाराच्या निषेधाची कारणे आली आहेत : आपसांत वैर व द्वेष उत्पन्न होणे, अल्लाहच्या स्मरणापासून आणि नमाजपासून रोखले जाणे. त्यांत खेळ नशिबाचा की कौशल्याचा, हा प्रश्नच नाही. उलट कौशल्याने प्रकरण अधिक गंभीर होते. व्यापारात घेणारा व देणारा दोघेही काही मिळवून उठतात. येथे जाणता नवख्याच्या खिशातून नेतो, आणि अड्डा चालविणारा आपला वाटा आधीच कापून घेतो.

अज्ञानकाळातील 'मैसिर' आठवा. अरब उंट कापून बाण काढीत. सात बाणांना हिस्सा असे, तीन रिकामे. जिंकलेले मांस पुष्कळदा गरिबांत वाटले जाई. सूरह अल्-बकराच्या 219 व्या आयतीने त्यात काही लाभ असल्याचे नाकारले नाही, मात्र पाप लाभाहून मोठे ठरविले. ज्या खेळात जिंकणारा दान करी, तोही निषिद्ध ठरला!

2023 च्या जुलैत आपल्याच शहरातील एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात सुमारे 58 कोटी रुपये गमावल्याची तक्रार पोलिसांकडे आली. बातम्यांनुसार आरंभी त्याला काही डाव जिंकताही आले होते. 58 कोटी काही पहिल्या दिवशी कोणी लावीत नाही.

तेव्हा मुलाला फतवा सुनावण्याआधी एक करून पाहा. त्याच्यासमोर बसा आणि म्हणा, "बेटा, चिप्स नको, बोली नको, एक डाव खेळून दाखव." तो दोन-दोन पाने वाटील, मधली पाच उलटील, कोणाचा संच मोठा ते सांगेल. मिनिटभरात डाव आटोपेल, आणि पुढे काय करायचे हे त्यालाही सुचणार नाही.