पाहुणा आणि भाडेकरू

देहूरोडच्या बुद्धविहारात मूर्तीपुढे हात जोडताना एक गोष्ट आपण सहसा विसरतो. ही मूर्ती परदेशातून आली. डिसेंबर १९५४ मध्ये परमपूज्य बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते, आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेस रंगूनहून आणलेल्या मूर्तीची त्यांनी देहूरोडला स्थापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता. आपण बौद्ध होण्याआधीच ब्रह्मदेशाचा जिव्हाळा आपल्या वस्तीत येऊन बसला होता.

मी पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालो आणि मग आयुष्यात पहिल्यांदा परदेश पाहिला, तो श्रीलंका. दिवस वैशाख पौर्णिमेचे होते. त्या दिवसांत तेथे रस्तोरस्ती ‘दन्सल’ लागतात, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट जेवण, सरबत देणारे मांडव. मोटारी थांबवून लोक माणसांना आत बोलावतात. अशाच एका मांडवात एका म्हातारीने आम्हा दोघांना हाताला धरून बसविले. तिची भाषा आम्हांला कळेना, आमची तिला. तिने ना गाव विचारले, ना आडनाव. माझ्या पत्नीच्या डोळ्यांना पाणी आले. तिच्या लहानपणी गावच्या लग्नात तिच्या माणसांची पंगत उकिरड्याच्या कडेला बसत असे आणि वाढणारा वरूनच वाढत असे.

परत आल्यावर महिनाभर मी हीच गोष्ट सर्वांना सांगत होतो.

त्याच महिन्यात आमच्या माडीवरची खोली भाड्याने द्यायची होती. चाकणला कंत्राटी कामावर लागलेला एक तरुण बायको व तान्हे मूल घेऊन आला. आल्या आल्या ‘जयभीम’ केला. मी चहा दिला आणि म्हणालो, “बौद्ध आहात, बरं झालं. पण मूळचे कोण?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मातंग. वडिलांनी दोन वर्षांपूर्वी दीक्षा घेतली.” “घरी विचारून कळवतो,” असे मी सांगितले. वास्तविक घरी कोणाला विचारायचे नव्हते.

रात्री पत्नीने एवढेच म्हटले, “त्या म्हातारीनं आपल्याला मूळचे कोण असं विचारलं असतं तर?”

धम्मबंधूंनो, बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे की, परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. १९१७ साली बडोद्याला उतरल्यावर राहायचे कोठे, ह्या प्रश्नाने ती पुन्हा जागी झाली. हा प्रसंग आपण नेहमी बाबासाहेबांच्या बाजूला उभे राहून वाचतो. त्या दिवशी मी दार लावणाऱ्याच्या बाजूला होतो.

पाहुण्यावर माया करणे तसे सोपे असते. तो चार दिवसांनी जाणार, त्याच्या मुलाशी आपल्या मुलीचे लग्न ठरणार नाही, त्याचे बिऱ्हाड आपल्या डोक्यावर येणार नाही. त्या म्हातारीची माया खोटी होती असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु तिच्याच देशात अठराव्या शतकात उपसंपदा फक्त गोविगम ह्या वरच्या जातीलाच मिळत असे. तेव्हा दालचिनी सोलणाऱ्या सलागम जातीतील काही श्रामणेर समुद्र ओलांडून ब्रह्मदेशाच्या राजधानीस, अमरपूरला गेले. तेथे इ. स. १८०० साली त्यांना उपसंपदा मिळाली. १८०३ मध्ये ते परतले आणि त्यांच्यापासून अमरपूर निकाय सुरू झाला. इथपर्यंत वाचून छाती भरून येते. पुढे मात्र त्या निकायातही जातीजातींचे वेगळे गट पडले. ज्यांना स्वदेशात दार बंद होते, ज्यांना परक्यांनी आत घेतले, त्यांच्याच परंपरेने घरी येऊन पुन्हा भिंती बांधल्या. परक्याकडून मिळालेली माया घरी पोचेपर्यंत टिकतेच, असे नाही. माझी तर महिनाभरही टिकली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या तरुणाला फोन केला. त्याने मोशीला खोली घेतली होती. आवाजात राग नव्हता, त्याचेच मला जास्त लागले. “असू द्या, काका,” म्हणाला. येत्या पौर्णिमेला त्या तिघांना जेवायला बोलावले आहे. येतील की नाही, ठाऊक नाही.