रोजची गाडी

गेल्या दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मी आयुष्यात पहिल्यांदा गाड्यांच्या दुकानात पाऊल टाकले. दुकान कसले, काचेचा महालच तो! आत शिरताच एका हसतमुख तरुणाने मला थंड पाणी दिले, खुर्ची दिली आणि विचारले, "सर, बजेट किती?" मी आकडा सांगितला. त्याचे हसू किंचित ओसरले, पण लगेच सावरून तो म्हणाला, "थोडे वाढवले तर केवढी मोठी गाडी येते पाहा! हप्ता फक्त दोन-तीन हजारांनी वाढेल." पुढच्या तासाभरात त्याने मला सनरूफ उघडून दाखवले, पडद्यावर नकाशा आणून दाखवला, बोललेले ऐकणारी गाडी दाखवली. मी रोज कुठे जाणार, किती चालणार आणि माझ्याशेजारी कोण बसणार, एवढे मात्र त्याने विचारले नाही.

तो प्रश्न मला दुसऱ्या दिवशी आमच्या गावातल्या मेस्त्रींनी विचारला. साताऱ्यापासून वीसेक किलोमीटरवर आमचे गाव. तिथे वडाखाली त्यांचे गॅरेज आहे. ते एका फटफटीच्या पोटात हात घालून बसले होते. मान वर न करताच म्हणाले,

"गुरुजी, रोज किती किलोमीटर?"

"शाळेला जाऊन-येऊन चव्वेचाळीस."

"साताऱ्याला किती खेपा?"

"आईला दवाखान्यात न्यायचे असते. महिन्याला चार तरी."

"आईंना उंच गाडीत चढता येतं?"

मी गप्प झालो. दोन वर्षांपूर्वी आईच्या खुब्याचे हाड मोडले. घरात ती काठी घेऊन चार पावले टाकते. बाहेर जायचे तर चाकाची खुर्ची लागते. मेस्त्रींनी फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, "मग गुरुजी, गाडी बघून गाडी घेऊ नका. दिवस बघून घ्या."

वाचकहो, कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला अशी वाक्ये सुचत नाहीत याचे मला त्या दिवशी वाईट वाटले. घरी येताना तेच वाक्य मनात घोळत राहिले. आपण कोणत्या दिवसासाठी गाडी घेतो? वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट. त्यांतले चार-पाच दिवस सणाचे. कोकणात सहलीला जायचे, लग्नाला जायचे, सासुरवाडीच्या दारात उतरायचे. उरलेले तीनशे साठ दिवस रोजचे : शाळा, दवाखाना, किराणा, पावसातला खड्ड्यांचा रस्ता. आणि गंमत अशी की गाडी निवडताना आपल्या डोळ्यांपुढे ते पाच दिवस नाचत असतात. पैसे मात्र आपण तीनशे साठ दिवसांचे मोजत राहतो.

माझे गणित मॅट्रिकच्या पलीकडे गेलेले नाही. पण या कामाला तेवढे पुरले. रात्री एका विद्यार्थ्याच्या जुन्या वहीचे मागचे पान उघडून मी बसलो. शाळा, दवाखाना आणि इतर फिरणे मिळून वर्षाचे 12,000 किलोमीटर. हिशेबाला सोपे जावे म्हणून पेट्रोल 100 रुपये लिटर धरले. लिटरला 20 किलोमीटर धावणाऱ्या लहान गाडीला वर्षाला 600 लिटर, म्हणजे 60,000 रुपये. 12 किलोमीटर धावणाऱ्या मोठ्या गाडीला 1,000 लिटर, म्हणजे एक लाख. फरक 40,000. दहा वर्षांत चार लाख! दुकानातल्या पाटीवर ही किंमत कुठेच लिहिलेली नव्हती.

मग कर्ज. पाच लाखांचे कर्ज शेकडा 9 व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे 10,400 रुपये. सात वर्षांसाठी घेतले तर सुमारे 8,050. हप्ता हलका झाला म्हणून माणूस खूश होतो. पण एकूण फेड 53,000 रुपयांनी वाढलेली असते. हलका हप्ता हा गोड बोलणाऱ्या पाहुण्यासारखा असतो. तो लवकर उठत नाही.

मग विमा. दर वर्षी भरायचा आणि गाडीच्या किमतीनुसार चढणारा. त्याच विम्याच्या कोष्टकात गाडी चार वर्षांची होऊन पाचव्यात गेली की तिची किंमत निम्मी धरतात. दहा लाखांच्या गाडीचे पाच लाख उडाले, सहा लाखांच्या गाडीचे तीन. टायर चाळीस-पन्नास हजार किलोमीटर टिकतात, म्हणजे मला चार वर्षांनी चारही नवे. आणि मोठ्या गाडीचे टायरही मोठ्या मनाने पैसे खातात. पेट्रोलच्या गाडीची नोंदणी 15 वर्षांची. तिथपर्यंत गाडी नेटकी चालवायची, तर तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळाले पाहिजेत. सीएनजीचाही मी विचार केला. ज्याची रोजची धाव फार मोठी, त्याचे जादा दिलेले पैसे लवकर वसूल होतात. पण मी पाहिलेल्या गाडीत मागची जागा टाकीने व्यापली होती; आईची खुर्ची ठेवायची कुठे?

दुसऱ्या दिवशी रात्री जेवणे झाल्यावर मी ते पान घरच्यांपुढे ठेवले. मुलगा कॉलेजात आहे. त्याने पानाकडे पाहिलेही नाही. "बाबा, तुम्ही सगळ्याचा हिशेबच करता. मोठी गाडी घेतली तर लोक निदान ओळखतील तरी!" सौ. म्हणाली, "अहो, त्याचंही ऐका जरा. अकरा वर्षं फटफटीवर पावसात भिजलात. आयुष्यात एकदा गाडी घ्यायची, ती मनासारखी नको का?" आई कोपऱ्यात वाती वळत होती. तिला कोणी काही विचारले नाही आणि तीही काही बोलली नाही.

मुलाच्या बोलण्याने मी दुखावलो, कारण त्यात थोडे खरे होते. काटकसर हा गुण आहे असे मी वर्गात शिकवतो. पण पुष्कळदा काटकसरीच्या पदराआड भित्रेपणा दडलेला असतो. खर्चायला मन धजत नाही, म्हणून माणूस त्याला साधेपणाचे नाव देतो. आणि मग त्या साधेपणाचाही तोरा मिरवतो. मोठ्या गाडीचा गर्व आणि लहान गाडीचा गर्व यांत डावे-उजवे काय करायचे? मग मी लहान गाडीकडे का वळत होतो? शहाणपणाने, की भीतीने?

याचे उत्तर मला वहीच्या पानात मिळाले नाही. ते एका जुन्या रात्रीत होते.

सहा वर्षांपूर्वी, श्रावणातली रात्र. वडिलांच्या छातीत दुखू लागले. बाहेर पाऊस कोसळत होता. समोरच्या घरी एक फार देखणी, महागडी गाडी होती. मी धावत तिथे गेलो. घरधनी बिचारे लगेच किल्ली घेऊन आले. पण गाडी चालू होईना. गाडीला म्हणे किल्लीची ओळखच पटत नव्हती! त्यांनी तीन-चार वेळा खटपट केली आणि शरमून म्हणाले, "मागच्या महिन्यातही असंच झालं होतं. पार्ट यायला आठ दिवस लागले." तेवढ्यात आमच्या शेजारचे कंपाउंडर आपली सतरा वर्षांची मारुती 800 अंगणातून काढून उभे राहिले. दारे वाजत होती, काचेवरचे वायपर कण्हत होते. पण किल्ली फिरवताच ती बोलली. वडील वेळेवर दवाखान्यात पोहोचले. पुढे ते तीन वर्षे आमच्यात होते. त्या तीन वर्षांत त्यांनी अंगणात लावलेले शेवग्याचे झाड आज आम्हाला शेंगा देते.

त्या रात्रीपासून 'भरवसा' हा शब्द माझ्यासाठी बदलला. खरे पाहता तो माणसांसाठीचा शब्द. लोखंडाला का कोणी विश्वासू म्हणते? पण नीट पाहिले तर गाडीचा भरवसा हा लोखंडाचा नसतोच. तो माणसांचाच असतो. कारखान्यात ज्या कामगाराने नट नीट आवळला त्याचा. खोटा भाग न घालणाऱ्या मेस्त्रीचा. आणि वेळेवर तेल बदलणाऱ्या मालकाचा. कंपाउंडर दर रविवारी त्या गाडीचे बॉनेट उघडून तेल, पाणी आणि बॅटरी पाहायचे. आम्ही त्यांना हसायचो. भरवशाची गाडी दुकानात अर्धीच मिळते. उरलेली अर्धी आपण अशा रविवारांनी घडवायची असते.

जुन्या गाड्यांची कथाही हेच सांगते. उत्तरपाड्याची अँबॅसडर 1950च्या दशकात रस्त्यावर आली आणि 2014 पर्यंत कारखान्यातून निघत राहिली. ती काही चपळ नव्हती. पण देशातल्या कुठल्याही आडगावी तिचे पोट उघडू शकणारा मेस्त्री भेटत असे. मुंबईत कुर्ल्याला तयार झालेली प्रीमियर पद्मिनी काळी-पिवळी टॅक्सी होऊन 2023च्या ऑक्टोबरपर्यंत धावली. तोवर तिचा कारखाना थांबून वीसेक वर्षे उलटली होती. जी वस्तू बिघडल्यावर आपल्या माणसांच्या हातांनी दुरुस्त होते, ती घरात दीर्घकाळ नांदते.

याच्या उलट गोष्ट नॅनोची. 2009 साली ती लाख रुपयांची गाडी म्हणून बाजारात आली. एका स्कूटरवर चौघांचे कुटुंब पावसात जाताना पाहून रतन टाटा यांच्या मनात तिची कल्पना आली. हेतू किती मायेचा! पण 2018 साली तिचे उत्पादन थांबले. कारणे अनेक असतील. पण 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का तिला भोवला हे खुद्द टाटांनीही पुढे बोलून दाखवले. लोकांना स्वस्त गाडी हवी होती; स्वस्त गाडीवाला म्हणवून घ्यायचे मात्र नव्हते. माझा मुलगा काही वेगळा नाही, आणि खरे सांगायचे तर मीही नाही. दुकानातल्या त्या तरुणाचे हसू ओसरले तेव्हा मलाही लागले होतेच की!

पण त्या पावसाळी रात्रीची आठवण झाल्यावर काटकसर आणि भित्रेपणा यांच्यातली रेघ मला दिसू लागली. मी पैसे कुठे वाचवतो, यावरून ती ठरते. माझ्या मिरवण्यात वाचवले तर ती काटकसर. दुसऱ्याच्या जिवात वाचवले तर तो निव्वळ कंजूषपणा. म्हणून मी वहीचे पान पुन्हा उघडले आणि एक ओळ वाढवली. 2023 पासून आपल्याकडे भारत एनकॅप या योजनेखाली गाड्यांची टक्कर घडवून पाहतात आणि त्यांना तारे देतात. पुढच्या दोन आसनांसाठी एअरबॅग तर त्याआधीच सक्तीच्या झाल्या होत्या. मी ठरवले की सनरूफ नको, पडदा नको, रुंद टायर नकोत; पण ज्या आसनावर आई बसणार, तिथे चार पैसे जास्त गेले तरी चालतील. पहिल्या हिशेबात जी गाडी सर्वांत स्वस्त ठरली होती, ती या एका ओळीने मागे पडली. दुसरी पुढे आली. ती किंचित महाग होती. कंजूष माणसाने ही ओळ लिहिली नसती, असे मी मुलाला म्हणालो. तो हसला. पहिल्यांदाच त्याने पान हातात घेतले आणि माझी बेरजेतली एक चूक दाखवली!

गाडी दसऱ्याला आली नाही, मुहूर्त हुकला. ती दिवाळीच्या पाडव्याला आली. लहानच, पेट्रोलवर चालणारी, आसन बेताच्या उंचीचे. नाव सांगत नाही. सांगितले तर या लेखाची जाहिरात होईल, आणि तुमचे दिवस माझ्या दिवसांसारखे असतीलच असे नाही. ज्याच्या घरात सात माणसे आहेत आणि घाटात शेत आहे, त्याला मोठी गाडीच रोजची. त्याने ती खुशाल घ्यावी. फक्त आपले दिवस आपण मोजावेत. दुकानदाराला मोजू देऊ नयेत.

पाडव्याच्या संध्याकाळी झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबे ठेवली, नारळ फोडला. शेजारच्या दोघांनी "मोठी का नाही घेतली?" असे विचारलेच. मुलगा माझ्याआधी म्हणाला, "आजीला चढता येत नाही." मी काही बोललो नाही. सगळ्या हिशेबाचे उत्तर त्याने चार शब्दांत लिहिले होते.

आता वर्ष होत आले. सकाळी सव्वानऊला मी किल्ली फिरवतो, ती चालू होते, मी शाळेत जातो. यात लिहिण्यासारखे काहीच नाही, आणि हेच तिचे मोठे कौतुक. दर रविवारी बॉनेट उघडून मी तेल पाहतो. कंपाउंडर कुंपणापलीकडून मान डोलावतात. शनिवारी अर्धी शाळा सुटली की आईला घेऊन साताऱ्याला जायचे. तिला गाडीचे नाव ठाऊक नाही, किंमत ठाऊक नाही. ती दारातल्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असते. हॉर्न वाजला की आत हाक मारून सांगते, "अगं, गाडी आली!" पूर्वी ती नऊच्या एसटीसाठी अशीच सांगत असे. मग एक हात माझ्या खांद्यावर ठेवून ती उठते, आसनावर टेकते आणि कुणाची मदत न घेता पाय स्वतः आत घेते.