एका शब्दाचा शेरा

शाळांची तपासणीच नको, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. मुलं सुरक्षित आहेत का, काही शिकतात का, हे बाहेरच्या कुणीतरी येऊन पाहिलंच पाहिजे. पण पाहणारा मागे काय ठेवून जातो, हेही कुणी पाहायला हवं.

इंग्लंडमधल्या रेडिंग शहरातल्या कॅव्हर्शम प्राथमिक शाळेत नोव्हेंबर २०२२मध्ये ‘ऑफस्टेड’ या सरकारी तपासणी यंत्रणेचं पथक दोन दिवस येऊन गेलं. शिकवणं चांगलं, मुलांची वागणूक चांगली. मात्र बालसुरक्षेच्या नोंदींत त्रुटी. तेवढ्यावरून ‘उत्कृष्ट’ म्हणवणारी अख्खी शाळा ‘अपुरी’ ठरली. मुख्याध्यापिका रूथ पेरी लहानपणी याच शाळेत शिकलेल्या. अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत निकालाबद्दल बाहेर बोलायचं नाही, असा दंडक. रोज शाळेत जायचं, पालकांना भेटायचं आणि हे पोटात ठेवायचं. जानेवारी २०२३मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. या तपासणीचा त्यांच्या मृत्यूला हातभार लागला, असा निकाल मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिला. त्याआधीच, जूनमध्ये, शाळेची फेरतपासणी होऊन ती ‘चांगली’ ठरली होती. सात महिन्यांत निस्तरता आलेली चूक होती ती!

आपल्याकडे शाळेवर असा शिक्का बसत नाही, पण ‘साहेब येणार’ एवढा निरोप पुरतो. टाचणवह्या रात्रीतून पूर्ण होतात, पोषण आहाराच्या नोंदवहीतल्या मोकळ्या जागा भरतात. (तपासणीने शाळा सुधारते की नुसती वही, हा प्रश्न साहेबांनाही पडत असणार.) मग साहेब एखाद्या मुलाला उभं करून सतराचा पाढा विचारतात. पोरगं मध्येच अडखळतं आणि साहेब रोखून बघतात ते गुरुजींकडे. सगळ्या वर्गादेखत गुरुजींची खरडपट्टी निघते. उद्या त्याच वर्गापुढे त्यांना उभं राहायचं असतं, याचा हिशेब शेरेबुकात कुठे लागत नाही.

इंग्लंडने सप्टेंबर २०२४मध्ये सरकारी शाळांसाठी हा एका शब्दाचा एकूण शेरा बंद केला. मला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसरा बदल. बाकी शाळा ठीक असेल आणि फक्त बालसुरक्षेच्या व्यवस्थेत खोट निघाली, तर निकाल न देता तपासणी स्थगित करायची आणि तीन महिन्यांच्या आत परत यायचं. रूथ पेरींच्या शाळेतली चूक याच जातीची होती.