काही होत नाही

"मला पोहता येत नाही. तरी चालेल ना?" मित्रानं जूनमध्ये विचारलं तेव्हा मी लॅपटॉपवरून मान वर न करताच म्हणालो, "काही होत नाही रे. लाइफ जॅकेट असतं. मी आहे ना."

या तीन वाक्यांपैकी मधलं तेवढं खरं होतं.

आम्ही सिअ‍ॅटलला राहतो. इथला उन्हाळा फसवा असतो. जुलैत हवा २५ अंशांच्या पुढे जाते, सगळं शहर अर्ध्या चड्डीत पाण्याकडे निघतं. पण प्यूजेट साउंड, म्हणजे शहराला लागून आत आलेला समुद्र, भर उन्हाळ्यातही साधारण १२-१३ अंशांवरच असतो. म्हणून इथले जुने कयाकवाले सांगतात, कपडे हवा बघून घालू नका, पाणी बघून घाला. ऊन असलं तरी वेटसूट घालायचा. घाम आला तर येऊ दे.

थंड पाण्यात माणूस गारठून मरतो, असं मला पूर्वी वाटायचं. गारठायला वेळ लागतो. बरेच जण त्याआधीच जातात. अंगाला एकदम थंड पाणी लागलं की छाती आपोआप मोठा श्वास ओढते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी हे लक्षात राहावं म्हणून १-१०-१ असं सूत्र केलं आहे. अतिथंड पाण्यात श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती साधारण १० मिनिटं आणि शुद्ध हरपेपर्यंत १ तास. तो तास वाट्याला यायचा असेल तर आधीच्या अकरा मिनिटांत अंगावर जॅकेट हवं. बोटीत पायाशी पडलेलं नव्हे, अंगावर, पट्टे आवळलेलं.

हे सगळं मला त्या दिवशीही माहीत होतं.

उलटलेल्या कयाकमधून बाहेर येण्याचा सराव आम्ही एका तळ्यात केला. मित्राला तो छान जमला. तो खूश, मीही खूश. घरी येताना मला उमगलं की तळ्याचं पाणी कोमट होतं, म्हणजे परीक्षेतला अवघड प्रश्न आम्ही गाळूनच टाकला होता. पुढच्या रविवारी त्याला गोल्डन गार्डन्सच्या किनाऱ्यावर नेलं. सहलीला घालणार होतो तेच कपडे, वर जॅकेट, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून गळ्यापर्यंत खाली बसायचं, एवढंच. तो बसला. त्याचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. मिनिटभर त्याला एक शब्द बोलता आला नाही. मी हात धरून उभा होतो. किनाऱ्यावर आल्यावर टॉवेल गुंडाळत त्यानं शांतपणे विचारलं, "हे तुला माहीत होतं?"

मिलच्या 'ऑन लिबर्टी'त (१८५९) एका धोक्याच्या पुलाचं उदाहरण आहे. माणूस त्यावर पाऊल टाकणार आहे आणि सावध करायला वेळ नाही. तर त्याला धरून मागे ओढलं तरी तो त्याच्या स्वातंत्र्यावर घाला नाही, कारण नदीत पडायची त्याची इच्छा नसते. पण अपघात नक्की नसून नुसता संभव असेल, तर त्याला सांगावं आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. वॉशिंग्टन राज्याचा कायदा साधारण याच वळणाचा आहे. १९ फुटांपेक्षा लहान बोटीत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी जॅकेट घातलंच पाहिजे. मोठ्यांसाठी ते बोटीत असलं की पुरे. मोठ्या माणसाला स्वतःचा धोका पत्करू द्यावा, हे मलाही पटतं. पण पुलाजवळ उभा असलेला आणखी एक जण मिलच्या चित्रात नाही. फळ्या कुजक्या आहेत हे त्याला ठाऊक आहे, आणि तो मागून म्हणतोय, चल रे, मजबूत आहे. मी तो होतो. मित्राचा होकार मी मिळवला खरा, पण तो कशाला होता? ऑफिसात कुणी 'काही होत नाही' म्हणून तपासणीशिवाय कोड पुढे ढकलायला निघालं तर पहिला मीच भांडतो.

खरं तर हे वाक्य मी मामाकडून उचललं. पाठीला डबा बांधून त्यानं मला विहिरीत ढकललं, तेव्हा तो हेच म्हणाला होता. माझी संमती कुणी विचारली नव्हती, आणि त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. पण त्याचा भाऊ आधीच पाण्यात उतरून हात पसरून उभा होता. त्या विहिरीत काही होणार नव्हतं, कारण होऊ न देणारी दोन माणसं तिथे होती आणि त्यांना ते जमत होतं. तेरा अंशांच्या पाण्यात कयाक उलटली, तर मीही त्याच पाण्यात असणार. थोड्या वेळानं माझ्याच बोटांना बकल उघडणार नाही. 'मी आहे ना' म्हणायला मी तिथे असून भागत नाही.

आता भरती-ओहोटीचं वेळापत्रक छापून ठेवलंय, शिट्ट्या जॅकेटला बांधल्यात, वेटसूट भाड्यानं घेतलेत. कुठून निघणार, कुठे उतरणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोस्ट गार्डला कळवायचं, हे लिहिलेला कागद शेजारच्या काकूंकडे देणार आहे. (आईला यातलं काही सांगितलेलं नाही, तो वेगळा लेख होईल.)

किनाऱ्यावर त्याला मी "हो" म्हणालो होतो. त्यानंतर सगळं सांगितलं, १-१०-१ सकट. तो "बघतो" म्हणाला. त्याला चार दिवस झाले. परत विचारावं असं रोज वाटतं, पण मी विचारलं की त्याला नाही म्हणणं जड जातं, हे मला त्याच्या जूनमधल्या होकारावरून ठाऊक आहे. दुकानात दोघांची कयाक शुक्रवारपर्यंत राखून ठेवली आहे. रद्द केली तर पैसे परत मिळतात, एवढं मात्र मी त्याला कळवलं आहे.